हुआ हिन : आई-वडिलांना आणि मुलाला घेऊन थायलंडच्या समुद्रकाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे : बँकॉक पाहून झाल्यावर सत्तरीच्या आसपासचे आई-वडील आणि बारा वर्षांचा मुलगा यांच्यासह चार-पाच दिवस समुद्रकाठी राहायचे आहे. पट्टाया आणि फुकेतचा गोंगाट नको आहे. आई शाकाहारी आहेत, वडिलांना मासे आवडतात. हुआ हिनचे नाव कानावर आले आहे, तर तिथे पाहण्यासारखे, करण्यासारखे आणि खाण्यासारखे काय आहे आणि जावे कधी?

मराठी कुटुंबांना थायलंडला घेऊन जाणे हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे आणि अशा कुटुंबाला मी हुआ हिनच सुचवीन, पण एका अटीवर. निव्वळ 'स्थळदर्शन' म्हणून गेलात तर गाव दीड दिवसात संपते. ते मुक्कामाचे गाव आहे. सकाळ किनाऱ्यावर काढायची, एक दिवसाआड दक्षिणेकडच्या डोंगर-गुहा-जंगलांकडे निघायचे आणि संध्याकाळी बाजारात जेवायला परत यायचे, असा दिवस बसवला तर पाच दिवस कमी पडतात. जे लोक सकाळी दहा वाजता उठून किनाऱ्यावर जातात आणि दुपारी मॉलमध्ये बसतात, ते परत येऊन 'तिथे काहीच नव्हते' असे सांगतात आणि त्यांच्यापुरते ते खरेच असते.

हुआ हिन बँकॉकच्या नैर्ऋत्येला सुमारे दोनशे किलोमीटरवर, थायलंडच्या आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रचुआप खिरी खान प्रांतात आहे. मूळच्या कोळीवस्तीला आजचे रूप दिले ते रेल्वेने आणि राजघराण्याने. दक्षिणेकडे जाणारी रेल्वे १९११ मध्ये इथवर पोचली, १९२३ मध्ये रेल्वेनेच समुद्रकाठी हॉटेल उघडले आणि १९२४ मध्ये स्टेशनाच्या पाठीमागे गोल्फचे मैदान सुरू झाले. त्यामागोमाग सरदार-दरकदारांचे बंगले आले आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस सातवे राम (तिथल्या राजांना 'राम' या नावाने आणि क्रमांकाने ओळखतात), म्हणजे राजा प्रजाधिपोक, यांनी गावाच्या उत्तरेला क्लाय कांगवोन हा राजवाडा बांधला. २४ जून १९३२ रोजी बँकॉकमध्ये अनियंत्रित राजेशाही संपवणारा उठाव झाला तेव्हा राजे हुआ हिनमध्येच होते आणि बातमी आली त्या वेळी गोल्फ खेळत होते असे सांगितले जाते. पुढे नववे राम, राजा भूमिबोल, यांनीही उतारवयातील मोठा काळ याच राजवाड्यात घालवला. त्यामुळे इथल्या लोकांचा राजघराण्याशी असलेला संबंध घरगुती जिव्हाळ्याचा आहे. राजघराण्याविषयी थट्टेचा शब्दही काढू नये, कारण त्याविरुद्धचा कायदा अतिशय कडक आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता स्टेशनावर किंवा एखाद्या चौकात राष्ट्रगीत लागले की सगळे जागीच उभे राहतात, आपणही तसेच थांबावे.

गावातला हा राजेशाही भाग एका सकाळीत पायी होतो. सुरुवात जुन्या स्टेशनापासून करावी. लाल आणि फिक्या पिवळ्या रंगाची ही लाकडी इमारत १९२६ सालची असून, शेजारी राजासाठीचे कोरीव छपराचे प्रतीक्षागृह आहे. डिसेंबर २०२३ पासून गाड्या शेजारच्या नव्या उंच स्टेशनावरून धावतात, त्यामुळे जुन्या फलाटावर आता गाडीची वाट पाहणारे कोणी नसते, फक्त फोटो काढणारे असतात. जुने स्टेशन ज्यांनी गजबजलेले पाहिले आहे त्यांना थोडे चुकचुकते खरे, पण आई-वडिलांना निवांत बसून पाहायला ही शांतता सोयीची आहे. स्टेशनासमोरून दामनोएन कासेम नावाचा रस्ता सरळ समुद्रापर्यंत जातो आणि त्याच्या टोकाला ते जुने रेल्वे हॉटेल आहे. आज ते एका मोठ्या हॉटेलसमूहाकडे आहे आणि तिथले दर सर्वांना परवडतील असे नाहीत, परंतु जुन्या इमारतीत दुपारचा चहा घेता येतो. लांबच लांब व्हरांडे, सागवानी जिने आणि कातरून हत्तींचे आकार दिलेली बागेतली झुडपे पाहण्यासाठी तेवढे निमित्त पुरेसे आहे.

राजवाडे पाहायचे असतील तर क्लाय कांगवोनच्या दारावर घुटमळण्यापेक्षा उत्तरेकडच्या चा-अमजवळ असलेल्या मृगदायवन राजवाड्याला जावे. सहावे राम, राजा वजिरावुध, यांच्यासाठी एर्कोले मानफ्रेदी या इटालियन वास्तुविशारदाने तो १९२४च्या सुमारास उभा केला. सगळा राजवाडा सागवानी, जमिनीपासून उंच, काँक्रीटच्या खांबांवर आणि लांब झाकलेल्या सज्जांनी जोडलेला आहे. वाऱ्याला कुठेही अडथळा होणार नाही अशी त्याची रचना आहे. मुलाला तिथे एक गोष्ट मुद्दाम दाखवा. प्रत्येक खांबाच्या तळाशी भोवताली पन्हळ काढलेली आहे. तिच्यात पाणी भरून ठेवत, म्हणजे मुंग्या आणि वाळवी वर चढत नसत. आपल्याकडे फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत, तोच उपाय इथे एका अख्ख्या राजवाड्याला केला आहे. तिथे गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे लागतात. बुधवारी राजवाडा बंद असतो आणि डागडुजीमुळे काही दालने अधूनमधून बंद ठेवली जातात, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलातून चौकशी करून मगच निघावे.

आता समुद्राविषयी, कारण इथे अपेक्षा नीट ठेवल्या नाहीत तर निराशा होते. हा पूर्वेकडे तोंड असलेला किनारा आहे. कोकणात आणि गोव्यात समुद्रात बुडणारा सूर्य पाहण्याची आपल्याला सवय असते. इथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि डोंगरामागे मावळतो, म्हणून किनाऱ्याची खरी वेळ सकाळी सहा ते साडेआठ ही आहे. मावळतीसाठी गावाच्या पश्चिमेला असलेल्या खाओ हिन लेक फाय या टेकडीवर गाडीने जावे. पाण्याचा रंग अंदमानकडच्या बेटांसारखा निळाशार नाही, हिरवट आणि थोडा गढूळ आहे. पण वाळू पांढरी आणि बारीक आहे, उतार मंद आहे आणि ओहोटीला ती इतकी घट्ट व रुंद होते की काठी घेऊन चालणारी माणसेही दूरवर फिरून येतात. भरतीला मात्र हॉटेलांच्या भिंतींपर्यंत पाणी येते आणि काही पट्ट्यांत किनारा उरतच नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, तेव्हा आदल्या रात्री ती पाहून दुसऱ्या दिवसाचे फिरणे ठरवावे. किनाऱ्यावर तट्टांची रपेट असते. मुलाला बसवायचे असेल तर किती मिनिटांचे किती पैसे, हे बसण्याआधी ठरवून घ्यावे. रात्री क्षितिजावर हिरवे दिवे ओळीने लुकलुकताना दिसतील. त्या माकूळ पकडणाऱ्या होड्या असतात आणि तेच माकूळ दुसऱ्या दिवशी बाजारात निखाऱ्यावर भाजलेले मिळते.

ऋतूचा हिशेबही आपल्या सवयीपेक्षा वेगळा आहे. जून ते ऑगस्ट या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे आपल्या किनाऱ्याला झोडपत असतात तेव्हा इकडे त्यांचा मारा म्यानमारच्या किनाऱ्यावर आणि सीमेवरच्या तनिंथारी डोंगररांगांवर होतो. हुआ हिन त्या रांगांच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत आहे. त्यामुळे कोकणात ढगफुटीच्या बातम्या येत असताना इथे बहुधा दुपारची एखादी सर येऊन जाते, समुद्र तुलनेने शांत असतो आणि हॉटेलांचे दरही उतरलेले असतात. खरा पाऊस सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, त्यातही ऑक्टोबरात जास्त, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत हुआ हिन ठरवू नये. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम असते, पण ईशान्येचा वारा सुटल्याने लाटा उसळतात आणि पोहण्याचा आनंद कमी होतो. शिवाय नाताळ ते नववर्ष या आठवड्यात बँकॉककरांची एवढी गर्दी लोटते की खोलीचे दर ऐकून माणूस परत अलिबागचा विचार करू लागतो. जानेवारीअखेर ते मार्चचा पूर्वार्ध हा आई-वडिलांसाठी सर्वांत चांगला काळ आहे. मुलाच्या शाळेमुळे उन्हाळाच धरायचा असेल तर मे चालेल. उकाडा आपल्या मुंबईसारखाच असतो आणि आंब्याचा हंगाम असतो. पावसाळ्याच्या महिन्यांत पाण्यात जेलीफिश येतात. किनाऱ्यावर काही ठिकाणी खांबांना व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात, त्या त्यासाठीच. दंश झाला तर जागा चोळू नये, वाळू लावू नये, भरपूर व्हिनेगर ओतावे आणि दवाखाना गाठावा.

वडिलांना मासे आवडतात म्हणजे जेवणाचा अर्धा प्रश्न सुटला, कारण इथल्या बाजारातले बरेचसे मासे त्यांच्या ओळखीचे निघतील. थाई लोक ज्याला 'प्ला कपोंग' म्हणतात तो आपला जिताडा. रायगडच्या जिताड्याची चव जिभेवर असलेल्या माणसाने तो इथे लिंबू, लसूण आणि हिरव्या मिरच्यांच्या पातळ रसात वाफवलेला मागवावा. मसाला नाही, तेल नाही, तरी मासा ताजा असल्याने काही कमी वाटत नाही. 'प्ला थू' हा बांगड्याचा जवळचा भाऊ. बाजारात तो वाफवून बांबूच्या छोट्या टोपल्यांत विकतात आणि टोपलीत बसावा म्हणून त्याची मान मोडून डोके खाली वळवलेले असते. तो तळून त्याच्याबरोबर 'कपि' नावाच्या खारवलेल्या लगद्याची झणझणीत चटणी देतात आणि हा लगदा आपल्या जवळ्यासारख्याच बारीक कोळंबीचा असतो. ज्यांच्या घरी जवळ्याची चटणी होते त्यांना तो वास परका वाटत नाही, इतरांनी आधी बोटाच्या टोकावर घेऊन पाहावे. याखेरीज निळ्या खेकड्याचा परतलेला भात, निखाऱ्यावरचे माकूळ आणि शिणाण्यांचे किंवा कालवांचे अंड्यातले कुरकुरीत धिरडे हे तीन पदार्थ चुकवू नयेत. वडील डुकराचे किंवा गाईचे मांस खात नसतील तर 'मू' म्हणजे डुक्कर आणि 'नुआ' म्हणजे गोमांस हे दोन शब्द पाठ असू द्यावेत. सकाळच्या पेजेत आणि नूडल्सच्या रश्श्यात डुकराचे मांस न सांगताही असते.

मासळीच्या हॉटेलांत फसगत होते ती बहुतेक वेळा वजनाच्या बाबतीत. फलकावरचा आकडा पुष्कळदा 'खीत'चा, म्हणजे शंभर ग्रॅमचा असतो, किलोचा नसतो. पाण्याच्या टाकीतला मोठा शेवंड बोट दाखवून निवडला आणि दर शंभर ग्रॅमचा होता हे बिल आल्यावर कळले, अशी कुटुंबे मी पाहिली आहेत. तिथे कोणी लबाडी केलेली नसते, फलक तसाच लिहिलेला असतो. मासा निवडून तो समोर तोलून घ्यावा, एकूण रक्कम गणकयंत्रावर दाखवायला सांगावी आणि मगच तो भटारखान्यात जाऊ द्यावा.

शाकाहाराचा प्रश्न जास्त अवघड आहे आणि त्याविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक सहलींत घरातल्या आईचेच हाल होतात. थाई स्वयंपाकात मांस वगळणे सोपे असते, माशाचे पाणी वगळणे कठीण. 'नाम प्ला' हा माशांपासून केलेला खारा द्रव मिठाच्या जागी वापरला जातो, भाज्या परतताना कालवांचा सॉस पडतो, आमटीत कपि असते आणि कच्च्या पपईच्या 'सोम तम'मध्ये सुकट. सोम तम करताना एकदा शेजारी उभे राहून पाहावे. मातीच्या खोल खलात लसूण आणि मिरच्या ठेचतात, त्यात चवळीच्या शेंगांसारख्या लांब शेंगांचे तुकडे, टोमॅटो, शेंगदाणे, ताडगूळ, लिंबू आणि चिंचेचे पाणी जाते, शेवटी पपईचा कीस घालून एका हाताने बत्ता आणि दुसऱ्या हाताने चमचा चालवत सगळे हलके मिसळतात. सुकट आणि माशाचे पाणी घालू नका असे सांगितले तर विक्रेते आनंदाने घालत नाहीत, पण खल तोच असतो ज्यात आधीच्या गिऱ्हाइकासाठी खारवलेला खेकडा ठेचलेला असतो. आईंना हे चालणार आहे का, ते त्यांनी ठरवायचे.

कडक शाकाहार पाळायचा असेल तर 'मी शाकाहारी आहे' एवढे सांगून भागत नाही, 'जे' हा शब्द वापरावा. ही चिनी-बौद्ध परंपरेतील आहारपद्धती असून तीत मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतात. अशी दुकाने पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत हेच चिन्ह लावतात आणि मुलगा ते अक्षर दोन दिवसांत दुरून ओळखू लागेल. ही दुकाने बहुधा सकाळी उघडून दुपारपर्यंत संपतात, तेव्हा तिथले जेवण दुपारचे धरावे. इतर ठिकाणी 'माय साय नाम प्ला', म्हणजे माशाचे पाणी घालू नका, हे वाक्य थाई लिपीत कागदावर लिहून जवळ ठेवावे. आपला उच्चार सुरात चुकतो, कागद चुकत नाही. गावात भारतीय हॉटेले आहेत आणि रात्री एखादे वेळी वरण-भात मिळाल्याने आईंचा जीव थाऱ्यावर येतो, त्यात कमीपणा मानू नये. मात्र रोज तिथेच जेवायचे असेल तर एवढ्या लांब येण्याचे कारण नव्हते.

सर्वांना एकत्र बसून खाता येईल असा पदार्थ म्हणजे आंबा आणि चिकट भात. चिकट तांदूळ भिजवून बांबूच्या पात्रात वाफवतात आणि गरम असतानाच साखर-मीठ घातलेल्या नारळाच्या घट्ट दुधात मुरवतात. वर पुन्हा थोडे खारट दूध आणि भाजलेल्या मूगडाळीचे कुरकुरीत दाणे. सोबत 'नाम दोक माय' जातीचा लांबट, बिनरेषेचा पिवळा आंबा. त्याची हापूसशी तुलना करण्याचा मोह प्रत्येक मराठी माणसाला होतो आणि प्रत्येक जण हापूसच्या बाजूने निकाल देतो. मी इतकेच म्हणेन की या भाताबरोबर हापूसचा उग्र गोडवा शोभला नसता. हंगाम मार्च ते जूनमधला. अन्य वेळीही मिळतो, पण चव आणि किंमत दोन्ही बिघडलेल्या असतात. अननसाच्या बाबतीत मात्र चिंता नाही. हा प्रांतच अननसाचा आहे आणि रस्त्यावर सोलून मिळणारी फोड बहुतेक नेहमी गोड निघते.

संध्याकाळसाठी दोन बाजार पुरेत. गावातला रात्रबाजार देचानुचित रस्त्यावर रोज भरतो. तो गर्दीचा, धुराचा आणि काहीसा पर्यटकी आहे, तरी एकदा जावे. आठवड्याच्या अखेरीस असाल तर दक्षिणेकडे खाओ ताकियापच्या रस्त्यावरचा सिकाडा बाजार जास्त आवडेल. शुक्रवार ते रविवार झाडांखाली हस्तकलेची दुकाने, छोटासा रंगमंच आणि खाण्याचा वेगळा विभाग असतो. खाण्यासाठी आधी कूपने घ्यावी लागतात आणि उरलेल्या कुपनांचे पैसे त्याच रात्री परत मिळतात, ते विसरू नये. शेजारच्या टॅमरिंड बाजारात बसायला जागा अधिक असते, आई-वडिलांना तिथे बसवून तुम्ही दोन्हीकडे फिरू शकता. खाओ ताकियाप या टेकडीवर मंदिर आहे आणि समुद्राकडे तोंड करून उभी असलेली मोठी बुद्धमूर्ती पाहण्यासारखी आहे, पण माकडे फार धीट आहेत. हातात पिशवी, चष्मा किंवा खाऊ घेऊन जाऊ नये.

एवढे गाव झाले. आता ज्यासाठी हुआ हिनला मुक्काम ठेवायचा, त्या दक्षिणेकडे वळतो.

सुमारे साठ किलोमीटरवर खाओ साम रोय योत हे राष्ट्रीय उद्यान आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेले, थायलंडमधले पहिले सागरकाठचे राष्ट्रीय उद्यान. समुद्रातून आणि दलदलीतून सरळ वर आलेले चुनखडीचे सुळके हे त्याचे रूप आणि फ्राया नाखोन ही गुहा त्याचे मर्म. गुहेचे छत फार पूर्वी कोसळले आहे, त्यातून आत झाडे वाढली आहेत आणि मधोमध चार कमानींचा सोनेरी-हिरवा मंडप उभा आहे. पाचवे राम, राजा चुलालोंगकोर्न, १८९० मध्ये येणार म्हणून तो बांधला गेला. त्यांची आणि पुढे आलेल्या सातव्या रामांची आद्याक्षरे गुहेच्या भिंतीवर आहेत. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास छताच्या भगदाडातून येणारे ऊन मंडपावर पडते आणि तेवढ्यासाठी लोक धापा टाकत चढतात. उन्हाची ही वेळ साधायची तर हुआ हिन सात वाजता सोडलेच पाहिजे.

जाण्याचा मार्ग नीट समजून घ्यावा. बांग पू या कोळीवाड्यापासून एक टेकडी ओलांडून लेम साला किनाऱ्यावर पोचता येते, किंवा तीच टेकडी टाळून लांब शेपटीच्या होडीने वळसा घालता येतो. होडीला धक्का नाही, गुडघाभर पाण्यातून चढा-उतरायचे असते, म्हणून पँट दुमडता येईल अशी हवी. लेम सालापासून गुहेपर्यंतची वाट चारशे तीस मीटरचीच आहे, पण ती सगळी चढाची, ओबडधोबड दगडांची आणि पाऊस झाला असेल तर निसरडी. मुलगा उड्या मारत जाईल. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांनी जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. त्यांनी लेम सालावर सुरूच्या झाडांखाली बसावे. खाण्यापिण्याची सोय आहे, समोर समुद्र आहे आणि दीड-दोन तास त्यांचे मजेत जातात. परदेशी प्रौढांना प्रवेशशुल्क दोनशे बाट असते, तिकीट दिवसभर जपून ठेवावे. परतीच्या वाटेवर उद्यानाच्या पश्चिम बाजूच्या गोड्या पाण्याच्या दलदलीत लाकडी पुलावरून फिरता येते. पाठीमागे सुळके, पुढे कमळे आणि बगळ्यांची वर्दळ. आई-वडिलांसाठी खरे तर हाच भाग गुहेपेक्षा सरस ठरतो.

दुसरा दिवस कुईबुरीसाठी राखावा. या राष्ट्रीय उद्यानात दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान स्थानिक गावकऱ्यांच्या उघड्या पिकअप गाड्यांतून वाटाड्यासह आत सोडतात आणि मोकळ्या गवताळ माळांवर चरायला आलेले रानटी हत्ती व गवे दिसतात. दाजीपूर-राधानगरीत पहाटे उठूनही गव्याची पाठच काय ती दिसलेल्या माणसाला इथे अख्खा कळप उघड्यावर उभा दिसतो. या जागेला एक इतिहास आहे. जंगलाच्या कडेला अननसाची शेती वाढली, हत्ती अननस खाऊ लागले आणि १९९०च्या दशकात हत्तींना मारण्यापर्यंत गोष्ट गेली. त्यानंतर राजा भूमिबोल यांच्या पुढाकाराने काही शेतजमीन परत जंगलाकडे घेतली गेली, पाणवठे आणि गवताची कुरणे तयार झाली आणि गावकऱ्यांना गाड्या व वाटाडेगिरी यांतून उत्पन्न मिळू लागले. दोडामार्ग-तिलारीकडे केळी-नारळाच्या बागांत हत्ती शिरण्याचा प्रश्न ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी वाटाड्याला याविषयी अवश्य विचारावे. हत्तीच्या पाठीवर बसण्याचे कार्यक्रम मी कोणालाही सुचवत नाही. हत्ती जवळून पाहायचेच असतील तर फेचबुरी प्रांतात २००१ पासून चालणारे 'वाइल्डलाइफ फ्रेंड्स फाउंडेशन थायलंड' हे सुटका केलेल्या प्राण्यांचे केंद्र आहे, तिथे आधी नोंदणी करून जाता येते.

वेळ उरला आणि वडिलांना इतिहासाची आवड असेल तर एक दिवस प्रचुआप शहराकडे, सुमारे नव्वद किलोमीटर. तिथल्या आओ मनाओ या अर्धवर्तुळाकार उपसागरावर हवाई दलाचा तळ आहे. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य इथे उतरले तेव्हा या तळाने त्यांच्याशी झुंज दिली होती. आज तळाच्या आतल्या किनाऱ्यावर सर्वांना जाऊ देतात आणि टोकाच्या टेकडीपाशी डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पांढरी वर्तुळे असलेली काळसर वानरे असतात. ती स्वभावाने गरीब आहेत आणि त्यांची नवजात पिल्ले चक्क नारिंगी रंगाची असतात.

शहराच्या दक्षिणेला वा को हे ठिकाण आहे. चौथे राम, राजा मोंगकुट, यांनी स्वतः गणित मांडून १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण इथून पूर्ण दिसेल असे सांगितले, फ्रेंच शास्त्रज्ञांना आणि सिंगापूरच्या इंग्रज गव्हर्नरला बोलावून घेतले आणि गणित बरोबर ठरले. पण त्या दलदलीत त्यांना हिवताप जडला आणि १ ऑक्टोबरला ते वारले. बरोबर असलेला पंधरा वर्षांचा राजपुत्र आजारातून वाचला, तोच चुलालोंगकोर्न. विजयदुर्गावर इंग्रज शास्त्रज्ञाने ग्रहण पाहिलेले 'साहेबाचे ओटे' दाखवतात, त्यांची गोष्ट लोक याच ग्रहणाशी जोडतात, पण ते खरे १८९८च्या ग्रहणाचे. सूर्याच्या प्रकाशातली जी पिवळी रेषा पुढे हेलियमची म्हणून ओळखली गेली, ती त्याच दिवशी गुंटूरहून केलेल्या निरीक्षणांत टिपली गेली होती. वा को येथे आता विज्ञान उद्यान आणि मत्स्यालय आहे, मुलाचे दोन तास सहज जातात.

मुलाला नुसते पाण्यात डुंबायचे असेल तर गावातच वाना नावा हे जलउद्यान आहे, एक दुपार द्यावी. द्राक्षमळे, परदेशी शहरांच्या नकला केलेली खरेदीसंकुले आणि मेंढ्यांचे फार्म यांवर वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. ज्यांना फोटो हवे असतात त्यांना ती आवडतात.

राहायला स्टेशन ते समुद्र या पट्ट्यात खोली घ्यावी. खाओ ताकियापकडची हॉटेले नवी आणि स्वस्त असली तरी प्रत्येक जेवणाला वाहन लागते. फेतकासेम हमरस्त्यावरून हिरव्या सोंगथाव, म्हणजे मागे दोन बाकडी असलेल्या सामायिक गाड्या, अगदी थोड्या पैशांत उत्तर-दक्षिण फिरतात. दक्षिणेच्या सहलींसाठी चालकासह गाडी दिवसाच्या बोलीने ठरवावी. तिथे वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात म्हणून भाड्याची दुचाकी घेण्याचा मोह होतो. आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते, एवढे ध्यानात असू द्यावे. सुवर्णभूमी विमानतळावरून हुआ हिनला थेट बस आहे आणि ती साडेतीन-चार तास घेते. रेल्वेने यायचे तर गाड्या आता मुख्यतः बांग सुए येथील क्रुंग थेप अपिवात स्थानकातून सुटतात. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत 'डिजिटल अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरावे लागते. ते विनामूल्य आहे, त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून तिकिटे काढण्याआधी थाई दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, कोणाच्या खिशात असेल तर घरीच ठेवावी.

परतीचे विमान रात्रीचे असेल तर सकाळी निघून वाटेत फेचबुरीला थांबावे, हुआ हिनपासून ते सत्तरेक किलोमीटरवर आहे. टेकडीवर चौथ्या रामांनी बांधलेला खाओ वांग राजवाडा असून वर जायला छोटी रुळगाडी आहे, त्यामुळे आई-वडिलांची अडचण होत नाही. खाली गावात अंडी, नारळाचे दूध आणि ताडगूळ यांची भाजलेली 'खनोम मो केंग' ही वडी घ्यावी. आईंसाठी ती नको, त्यांना नुसता ताडगूळ घ्यावा. दुपारी दोनच्या आत फेचबुरी सोडावे, कारण बँकॉकच्या वेशीवर चारनंतर गाडी अडकली तर विमानतळाच्या वेळेचा भरवसा राहत नाही.